नाव बदलून लिहिलेला मुलगा

श्रीरंजनीला लोकांच्या पैशाची काळजी करण्याचा पगार मिळत असे. चेन्नईतल्या नुंगंबाक्कममधल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात ती दर सोमवारी सदर लिही: बचत कशी करावी, विमा कुठला घ्यावा, कर्जाच्या फंदात का पडू नये. अलीकडे मात्र तिचा सगळा जीव ॲपवर काम करणाऱ्या मुलांत अडकला होता. ज्यांना ना ठरलेला पगार ना रजा, त्यांनी म्हातारपणाची सोय कशी लावायची, हे ती पोटतिडकीने लिही. वाचणारे एसीत बसून हळहळत. हळहळायला काय लागतं?

प्राणेश तिला तिच्याच दारात भेटला. जेवणाचं पार्सल घेऊन आला होता. ती फोनवर आईशी बोलत होती, ते ऐकून तो हेल्मेटमधूनच म्हणाला, "अक्का, तुम्ही आपल्यांतल्याच की!"

अस्सल तंजावरची मराठी. चेन्नईत आपली, तंजावरकडची मराठी माणसं असायची ती बँकेत, शाळेत, कचेरीत. पाठीला पेटी अडकवून स्कूटरवर हिंडणारा आपला मुलगा तिने कधी पाहिला नव्हता. तिने त्याला बसवून कॉफी दिली. त्याला कंपनीने काढलं होतं आणि घरी अजून पत्ता नव्हता. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून एग्मोरच्या घरातून निघायचं आणि वाटेत कुठेतरी ॲपवाल्यांचा टीशर्ट चढवायचा, असं चाललं होतं.

"काय होणं ते लिहा, अक्का. पण अप्पांना कळूं नये. माझ्या नोकरीवर ते मान वर करून हिंडतात."

"नाव बदलून लिहिते," तिने शब्द दिला.

आणि बदललंही. नाव बदललं, वय बदललं, एग्मोरचं वेलाचेरी केलं. एवढं करून एक वाक्य मात्र तिला सोडवेना: हा मुलगा तंजावरच्या मराठा राजांच्या काळची मराठी बोलतो. आपल्या भाषेचं नाव कधी नव्हे ते इंग्रजी पेपरात येणार, या आनंदात बाई वाहवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ तिने एका वाक्याच्या हौसेपायी उघडली.

लेख समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. आधी नमस्कारांचा पाऊस पडला, आपली भाषा पेपरात आली म्हणून. मग कुणीतरी विचारलं, पण हा मुलगा कुणाचा? मूठभर घरं, सगळ्यांना सगळ्यांची मुलं पाठ. दुपारपर्यंत एकच घर उरलं. रघुराम नावाच्या हितचिंतकाने प्राणेशच्या वडिलांना, कृष्णाजींना, फोन करून त्यांचं सांत्वन केलं. असले हितचिंतक वैऱ्यालाही नकोत.

ग्रुप प्राणेशच्याही फोनवर होताच. त्या दिवशी तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद.

आठवडा सरता सरता कृष्णाजी पेपरच्या कचेरीत आले. कपाळाला अंगार-अक्षत, शर्ट कडक इस्त्रीचा. श्रीरंजनीला त्यांच्याकडे बघवेना. "चूक माझी आहे," म्हणताना तिला रडू फुटलं.

"रागवायला आलों नाहीं, अम्मा. पोलिसांत सांगटलों, अस्के, एकूणएक मित्र हुडकलों. तो तुमचं वाचतो. आणिक एकदां लिहा. अप्पा रागावले नाहींत म्हणून लिहा. घरीं ये म्हणून लिहा."

"नाव घालू?"

"कशाला? मागे नांव नसूनही अस्क्यांना कळलं. आतां त्यालाही कळेल."

ते टोचून बोलले नव्हते. म्हणूनच तिला जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी अडीअडचणीसाठी पैसे कसे साठवावेत, या सल्ल्याखाली चार ओळी छापून आल्या. संपादक कुरकुरले, पण त्यांनी त्या राहू दिल्या. 'ॲपवरचं काम घरी लपवून करणाऱ्या मुला, तुझे वडील आले होते. ते रागावलेले नाहीत. घरी ये.'

कृष्णाजी सकाळपासून तिच्या टेबलाशेजारी येऊन बसले. पहिला फोन मदुरैहून आला. म्हातारा आवाज, तमिळ. "अम्मा, ते माझ्या मुलासाठी आहे का?" मग सेलमहून, मग नेल्लूरहून, मग इथूनच, व्यासरपाडीहून. सगळे बापच. कुणाचा मुलगा दिवाळीलाही आला नव्हता, कुणाचा फोनवर 'ऑफिसात आहे' एवढंच म्हणून ठेवत असे. प्रत्येकाला श्रीरंजनी सांगत होती, नाही हो, हा तुमचा नाही. तिचा घसा बसला. दर घंटीला कृष्णाजी उभे राहत आणि तिचा चेहरा पाहून पुन्हा बसत.

दिवस कलला तरी फोन थांबेनात. एकदा घंटी वाजली आणि तिच्याने काही रिसीव्हर उचलवेना. कृष्णाजींनीच तो उचलला आणि पलीकडच्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"नाही हो," ते तमिळमध्ये म्हणाले, "तो तुमचा नव्हे. तो माझा मुलगा. पार्सल पोचवतो. अजून घरी आला नाही."