बादली घेऊन फिरायला

बक्कल वाजलंच — एवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं, पण कानाएला ते तीन मजल्यांवर ऐकू गेल्यासारखं वाटलं, आणि सँडल हातात धरून ती जिन्यातच थबकली. सॅकखालून घामाचा एक थेंब पाठीवर सावकाश उतरत होता, तो कुठवर जातो ते बघत... खाली दारात तिम मावशी असणार. लॉजची मालकीण. आणि ती विचारणार.

बँकॉकमधला हा तिसरा दिवस. पहिल्या सकाळी मावशीनं विचारलं, "कुठं निघालीस गं?" तेव्हा कानाएनं दोन वर्षं पुस्तकातून घोकलेल्या थाईत सांगितलं, की प्रथम नदीच्या पश्चिम तीरावर जाण्याचा माझा मानस आहे, तदनंतर भोजन. मावशीनं झाडू थांबवून सगळं ऐकून घेतलं, गल्लीच्या तोंडावरच्या फटफटीवाल्या दाम काकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून तो बेत रद्द केला. ऊन फार, म्हणाले. दुसऱ्या सकाळी ती खरं बोलली. "ठाऊक नाही." मावशीनं तिला खुर्चीत बसवून कलिंगड भरवलं.

पण खरंच ठाऊक नव्हतं. जपानमध्ये, तोयामा शहरातल्या लिफ्ट कंपनीत सात वर्षं ती अडकलेल्या माणसांना फोनवर विचारत आली होती — आपण कितव्या मजल्यावर निघाला होतात? — आणि झाडून सगळ्यांना आपापला मजला ठाऊक असायचा, रडणाऱ्यांनासुद्धा... आज दुपारी बारापर्यंत मोरिता साहेबांना कळवायचं होतं : सोमवारी कामावर हजर, की राजीनामा. साहेबांनीही तेच विचारलं होतं की. नोकरी सोडून जाणार कुठं तुम्ही? सगळं जग हा एकच प्रश्न घेऊन दारात बसलंय, आणि माझ्याकडे —

"अगं, जिन्यात काय करतेस? पाल दिसली का?" खालून मावशी.

"नाही, मावशी."

"मग उतर की. कुठं निघालीस?"

कानाए शब्द जुळवत होती, तेवढ्यात शेजारची बाई बादली घेऊन दारावरून चालली. "कुठं गं?" मावशीनं तिलाही टोकलं. "आपलं फिरायला," म्हणत ती बाई गेली. बादली घेऊन. फिरायला. मावशीच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही; तिनं उत्तर ऐकलंसुद्धा नव्हतं.

आणि एकदम आई... कुंपणापलीकडून शेजारीण विचारायची, बाहेर निघालात वाटतं? आई म्हणायची, हो, जरा तिथपर्यंत. रोज. ओसाकाला निघाली, हातात ही मोठी सुटकेस, तेव्हाही तिथपर्यंतच. आणि शेजारीण समाधानानं झाडांना पाणी घालत राहिली. अशा घरात वाढले मी, आणि मला कळू नये...

"जरा तिथपर्यंत जाऊन येते, मावशी."

"बरं. येताना अंडी आण." मग दाम काकांना ऐकू जाईल अशी, "पोरीची थाई सुधारली हो. परवा मंत्र्यासारखी बोलत होती."

"मंत्र्यांना तरी कुठं ठाऊक असतं कुठं चाललेत ते," काका म्हणाले.

ती गल्लीच्या तोंडाशी आली. अकरा वाजून गेले होते. साहेबांना काय लिहायचं ते अजून... ठाऊक नाही, तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं, आणि आज तेही एक उत्तरच वाटलं. डावीकडे सावली होती, उजवीकडे कुणीतरी लसूण तळत होतं, आणि पाय निघालेसुद्धा — कुठल्या बाजूला, ते तिनं मागाहून पाहिलं.