कप्तानाची पांढरी बट

ठमीने आरशाखालची वाटी उचलली आणि ती किंचाळलीच. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाने हनुवटी जागच्या जागी ठेवून फक्त डोळे फिरवले.

"अण्णा! यात माझे केस होते!"

"केस कापायच्या दुकानात केस नसतील तर काय मोती असतील?" अण्णा वस्तरा पुसत म्हणाले.

"पांढरे होते. दोन महिन्यांचे!"

वाटीत काळाकुट्ट लगदा होता. सकाळी मास्तरांचे केस रंगवायला अण्णांनी हात जाईल त्या वाटीत रंग कालवला होता, आणि चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर होता.

"तरीच मास्तर म्हणत होते, आज रंग टोचतोय," अण्णा म्हणाले. मग लेकीचा चेहरा पाहून त्यांनी ते वाक्य तिथेच सोडलं.

मागच्या खोलीत भिंतीला टेकवून कप्तान उभा होता. टीव्हीवरच्या मालिकेतला, अंतराळयानाचा कप्तान. चार वर्षं सगळं गाव त्याच्यापायी वेडं झालं होतं, आणि आज संध्याकाळी त्याचा शेवटचा भाग थिएटरच्या मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. चाहत्यांनी केलेल्या कलाकृती थिएटरच्या दारात मांडायच्या होत्या, पण पाचच्या आत पोचलेल्याच. ठमीने फळीवर कप्तानाचं चित्र केसांनी केलं होतं. दुकानात पडलेले केस धुवायचे, वाळवायचे, तांदळाच्या कणीएवढे बारीक कापायचे आणि चिमटीने गोंदावर पेरायचे. भुवया पोस्टमनच्या. दाढीतली तांबूस झाक बेकरीवालीच्या मेंदीची. डोळ्यांखालची सावली गावातल्या तिघा लहानग्या भावांच्या जावळाची. दुकानाबाहेरचा एकही केस घ्यायचा नाही, हा तिचा नियम होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

राहिली होती फक्त कपाळावरची पांढरी बट. आणि त्या बटेशिवाय कप्तानाला त्याच्या आईनेही ओळखलं नसतं.

"दुसरे मिळतील की," अण्णा म्हणाले.

"कुठून? गावात पांढरा केस ठेवलाय का तुम्ही? दिसला की रंगवता."

हे मात्र खरं होतं. ती वाटी भरायलाच तिला दोन महिने लागले होते. तिने दुकानाचे कोपरे झाडले, खुर्चीच्या फटीत ब्रश घातला, टॉवेल झटकले. हाती लागले चौदा केस, त्यातले पाच करडे. घड्याळात दोन वाजले होते. तिला रडू येत होतं आणि रडण्यात वेळ जाईल याचा रागही येत होता.

"कापूस लाव जरासा. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय!"

गिऱ्हाइकाची दाढी उरकून अण्णांनी त्याला वाटेला लावलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. मग येऊन स्वतःच खुर्चीत बसले. डोक्यावर लोकरीची टोपी होती. सर्दी झालीय म्हणून ती महिनाभर उतरली नव्हती, अगदी घाम निथळत असतानाही. त्यांनी आरशात न बघता टोपी काढली.

वर अण्णांचे प्रसिद्ध काळेभोर केस होते आणि खाली, मुळांशी, बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी शुभ्र पांढरी पट्टी.

"डॉक्टरांनी रंग बंद केलाय," ते आरशाखालच्या बाटल्यांना म्हणाले. "पुरळ येतं डोक्यावर."

"तुम्ही रंग लावता?" ठमीने विचारलं. उशीच्या अभ्र्यांवरून तिला हे दहा वर्षं ठाऊक होतं, पण विचारायला हवं होतं.

"गप बस. आधी वरचा काळा उडव. मग चादर बदल, मशीन पूस. एक काळा केस मिसळला तर सगळं मुसळ केरात."

"अण्णा, पण तुमचं तेल..."

दुकानात विकायला ठेवलेल्या त्या तेलाची बाटली घेताना गावातला प्रत्येक माणूस अण्णांच्या डोक्याकडे बघायचा. वीस वर्षं ते सांगत आले होते, रंगबिंग काही नाही, निव्वळ तेल.

"तेलाचं मी बघतो. तू चालव मशीन. आणि कोणाला बोलायचं नाही."

तिने मशीन हातात घेतलं, पण लगेच चालवलं नाही. आठ वर्षं ती या दुकानात अख्ख्या गावाची डोकी कापत होती. अण्णा मात्र केस कापायला बस पकडून शेजारच्या गावी, जुन्या दोस्ताकडे जात. तुझा हात अजून बसायचाय, असं म्हणत.

"सावकाश," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

आधी काळं पडलं. मग स्वच्छ चादरीवर पांढरं पडायला लागलं, खूप पडलं, आणि ठमीला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. अण्णांनी एक डोळा उघडून पुन्हा मिटला. साडेचारला बट पूर्ण झाली. पावणेपाचला फळीची एक बाजू तिने आणि दुसरी टोपीवाल्या अण्णांनी धरली होती, आणि दोघं रस्त्याने जवळजवळ पळत होती.

थिएटरच्या दारात नुसता गोंधळ होता. झाकणांचं यान होतं, टूथब्रशांचा राक्षस होता, जुन्या बटणांचा यंत्रमानव होता. कप्तान भिंतीवर चढला आणि गर्दी तिथेच थबकली. पोस्टमन आपल्या भुवया शोधून सगळ्यांना दाखवू लागला. बेकरीवालीने दाढीसमोर फोटो काढून घेतला. ठमीला कोणाकडे बघावं कळेना.

मास्तर नाक चित्राला लावून उभे होते. त्यांच्या कानामागे सकाळचा रंग अजून होता.

"ताई, ही बट कापसाची दिसते."

"नाही मास्तर, केसच आहेत."

"आपल्या दुकानातले?"

"हो. सगळे आपल्याच दुकानातले."

"मग एवढे पांढरे आहेत कोणाचे?"

आजूबाजूचा प्रत्येक जण मनातल्या मनात गावातली डोकी मोजत होता. ठमीच्या घशात एक थाप तयार होती. बाहेरगावचा एक पाहुणा दुकानात केस कापून गेला, असं ती म्हणणार होती. म्हणजे नियम मोडला नसता आणि अण्णाही सुटले असते. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात शेजारी अण्णांनी टोपी काढली. दिव्याखाली त्यांचं डोकं कप्तानाच्या बटेइतकं पांढरं दिसत होतं, आणि कडा कानाभोवती अगदी सरळ कापलेल्या होत्या.

मास्तर आ वासून बघत राहिले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला.

"अण्णा, तुम्ही तर म्हणायचात की तेल..."

"तेलाचं उद्या दुकानात बोलू," अण्णा म्हणाले. त्यांनी मान वळवून मागची बाजू मास्तरांसमोर धरली. "आधी हे बघा. हिने कापलेत. कुठे एक केस वर-खाली आहे का सांगा."