टीव्हीवर झळकलेल्या बाटल्या

देशभर दिसणाऱ्या वाहिनीने बियरवाल्याचं बोळातलं दुकान दाखवलं, तेव्हा त्याचा फायदा उघडच होता. सकाळीच दारात रांग लागली, आणि जो तो टीव्हीवर दिसलेली हिरवी बाटलीच मागत होता. दुप्पट भावानेही ती गेली असती. स्वारी रांगेकडे बघून गालात हसली आणि त्याच बाटल्या मोरीत ओतू लागली.

"अहो, डोकं फिरलंय का?" बायको म्हणाली.

"काल दिवसभर शूटिंगच्या दिव्यांखाली होत्या. हिरव्या काचेतली बियर उजेडाने नासते. वास घे."

तिने नाक मुरडलं. "शी! ओता, ओता."

रांगेला त्याने आतल्या अंधाऱ्या खोलीतली बियर नेहमीच्याच भावाने दिली. वाहिनीला कार्यक्रम मिळाला, गिऱ्हाइकांना चांगली बियर. भुर्दंड एकट्या मालकाला, तोही हसतहसत.