सरजाबाईनं घालवलेली नावं

“कोणी न्हाई,” सरजाबाईनं जोंधळ्यातले खडे निवडता निवडता सांगितलं. “समदे गाव सोडून गेले.”

दारात उभ्या गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. “सगळे? तेवीसच्या तेवीस घरं?”

“कुलपं दिसंनात का? कुणी पुण्याला गेलं, कुणी नांदेडला. दुष्काळात काय खावं इथं राहून?”

“परत कधी येणार?”

“कशाला येतेत आता!”

गुरुजी गावात नवे होते, ऊन मी म्हणत होतं, आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराला खरोखरच कुलूप होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, सरजाबाईचं तेवढं नाव विचारलं आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. सरजाबाईला स्वतःचं भारी कौतुक वाटलं. एकटीनं सगळी वस्ती वाचवली होती.

तिचं चुकलं ते इतकंच, की तिला मागचं विसरता येत नसे. सात-आठ वर्षांमागं असाच एक वहीवाला आला होता, घरात बाप्ये किती म्हणून विचारून गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी जीप आली होती. तिच्या भावाच्या पोराच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याला उचलून नेऊन नसबंदी केली. त्याला मूलबाळ झालं नाही ते नाहीच. तेव्हापासून वही दिसली की सरजाबाई माणसं लपवायची. खरं तर माणसं कुठंच गेली नव्हती. तीन कोसांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. सगळी बौद्ध वस्ती दिवस उगवायला दारं लावून तिकडं जायची आणि दिवस मावळता परत यायची. सरजाबाईचे गुडघे धरले होते, म्हणून ती तेवढी घरी.

लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. पुढं आमदारकीची निवडणूक लागली, चावडीवर मतदारांची यादी टांगली, आणि सरजाबाईचा मुलगा केरबा ती बघायला गेला. परत आला तो उंबऱ्यातच बसला.

“माय, आपल्या वस्तीत एकच नाव राह्यलंय.”

“कुणाचं रं?”

“तुजं. बाकीच्या एक्क्याण्णव जणांवर रेघ मारलीय. गाव सोडून गेले म्हणून त्या गुरुजीनं लिव्हलंय.”

सरजाबाई कुणाला काही सांगणार, त्याआधी तिचा चेहराच सगळं सांगून मोकळा झाला. शेजारची पंचफुला म्हणाली, “आत्याबाई, समद्यांची वाट लावून सोताचं तेवढं ठिवलंत व्हय!” म्हणाली हसत, पण तिचे डोळे भरले होते.

कारण मत म्हणजे त्या वस्तीत काही साधी गोष्ट नव्हती. मतदानाच्या दिवशी बाया ठेवणीतली पांढरी लुगडी नेसायच्या. गावात पाण्यापासून पंगतीपर्यंत सगळीकडं ज्यांना मागं थांबावं लागे, ती माणसं त्या दिवशी शाळेच्या ओळीत आली तशी उभी राहायची आणि कुणी त्यांना मागं सरका म्हणू शकत नसे. तो दिवस सरजाबाईनं सगळ्यांचा हिरावून घेतला होता.

केरबा तालुक्याच्या कचेरीत जाऊन आला. मुदत आठ दिवसांची, रहिवासाचा पुरावा आणा, जुनी दप्तरं अजून उस्मानाबादेहून आलीच नाहीत, असं सगळं ऐकून हात हलवत परत आला.

“म्या अण्णारावाकडं जाते,” सरजाबाई म्हणाली.

अण्णाराव म्हणजे त्यांच्या भागाचे आमदार, आणि पुन्हा उभे राहिलेले. केरबानं कपाळावर हात मारला. “येडी झालीस का माय? आपली वस्ती त्याला कवाच मत देत न्हाई. एक्क्याण्णव मतं गेली तर त्यो पेढे वाटंल!”

“त्यो आमदार हाय का न्हाई? मग आपला बी हाय.”

एवढंच सरजाबाईचं राजकारणाचं ज्ञान होतं. तेवढ्या भांडवलावर ती एसटीनं लातूरला गेली.

अण्णारावांच्या अंगणात प्रचाराची धामधूम होती. दोन तास उभी राहिल्यावर तिची पाळी आली.

“साहेब, गुन्हा माजा हाय,” तिनं सुरुवातच तिथून केली. मग गुरुजी, कुलपं, आपलं खोटं, सगळं सांगितलं. भावाच्या पोराचंही सांगितलं. ते ऐकताना अण्णारावांनी मान खाली घातली. ती जीप आली त्या सालीही आमदार तेच होते.

त्यांचा उजवा हात असलेला सिद्रामप्पा वाकून कानाशी लागला. “अण्णा, ती वस्ती आपली न्हाई.” बोलला हळू, पण सरजाबाईचे गुडघे गेले असले तरी कान शाबूत होते.

“मतदार तर हायत की,” अण्णाराव म्हणाले आणि त्यांनी पायांत चपला अडकवल्या.

नुसत्या चिठ्ठीवर तिची बोळवण करता आली असती. ते स्वतः तिला घेऊन नव्या कलेक्टर कचेरीत गेले. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, कोणता साहेब कुठल्या खोलीत बसतो हे शिपायालाही नीट ठाऊक नव्हतं. अण्णाराव चार खोल्या हिंडले आणि अधिकाऱ्यासमोर उभे राहिले. “ही माणसं रोज दुष्काळी कामावर येतेत. हजेरीपट तुमच्याच सरकारचा. अजून कसला पुरावा पायजे तुमाला?” हुकूम हातात पडेपर्यंत ते बसलेही नाहीत. तुमची मतं मला द्या, असा शब्द सरजाबाईनं वाट पाहूनही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी अर्ज भरून घ्यायला सरकारी जीप तलावाच्या कामावर गेली. जीप दिसली, जीपमध्ये वहीवाली माणसं दिसली, आणि टोपली-फावडी जागच्या जागी टाकून निम्मे बाप्ये बांध चढून पळत सुटले. तेवढ्यात पुढच्या सीटवरून सरजाबाई उतरली.

“पळू नगा रं! ही जीप म्या आणलीय! नावं घालाया आलेत, फिरा माघारी!”

पंचफुला तर हसून हसून खालीच बसली. सगळ्यांचे अर्ज भरले, अंगठे उठले, सह्या झाल्या. पुरवणी यादी चावडीवर लागली तेव्हा केरबानं ती दोनदा मोजली. एक्क्याण्णव.

मतदानाच्या दिवशी ओळीत उभ्या सरजाबाईच्या मनात अण्णारावांबद्दल इतकी माया दाटून आली होती की तिनं ठरवूनच टाकलं, शिक्का त्यांच्याच नावावर मारायचा. कागद मिळाला. शिक्का मिळाला. आडोशाला ती एकटी उभी राहिली, आणि तिला तिचा नवरा आठवला. लिंबाजी म्हणायचा, “उपकारापायी मत दिलं की ते आपलं राहत न्हाई.” बाहेरच्यांना हाक मारावी लागली इतका वेळ ती आत थांबली. शेवटी इतकी वर्षं जिथं मारत आली होती, तिथंच तिनं शिक्का मारला आणि डोळे पुसत बाहेर आली.

अण्णाराव पडले. फार नाही, दोन-तीनशे मतांनी. वस्तीत गुलाल उधळला. सरजाबाईला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिनं लातूरची एसटी धरली.

अंगणात माणूस नव्हतं. सिद्रामप्पाही नव्हता. अण्णाराव एकटेच बसले होते.

“साहेब, मत तुमाला न्हाई दिलं म्या,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “तुमच्या पाठीमागं तुमचे उपकार गाते अन् हे दडवून ठिवते, असं नगं व्हाया. म्हणून आले.”

“ठाऊक व्हतं बाई.”

“मग कशापायी केलंत?”

“आमच्या जीपनं तुमच्या घरात काय केलं ते तुमी मला तोंडावर सांगितलंत,” अण्णाराव म्हणाले. “वर म्हणालात गुन्हा माजा. मग मला घरात बसवंना.”

त्यांच्या बायकोनं चहा आणला. घरच्या सगळ्या कपांसारख्याच कपात, तिघांसाठी. आहेर म्हणून त्या माणसाला द्यायला काही असतं तर सरजाबाईनं तेही दिलं असतं. पण जवळ काहीच नव्हतं, म्हणून ती नुसती चहा प्यायली.

“पुढच्या खेपेला तरी देताल का?” अण्णारावांनी विचारलं.

“पुढल्या खेपंचं पुढल्या खेपंला बघू.”

अण्णाराव मोठ्यानं हसले. निकालानंतर पहिल्यांदाच, असं त्यांची बायको म्हणाली.

सरजाबाई निघाली. फाटकाशी पोचून तिनं मागं बघितलं, तर मांडववाल्याच्या लोखंडी खुर्च्या अंगणभर तशाच पडल्या होत्या आणि अण्णाराव एकेक मिटून भिंतीला लावत होते. ती परत फिरली. पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं खुर्च्या मिटायला लागली.

“राहू द्या बाई. तुमी नका,” अण्णाराव ओशाळून म्हणाले.

“हे कर म्हणून मला कुणी सांगितलं न्हाई,” सरजाबाई म्हणाली. “सांगितलं असतं तर हात लावला नसता.”

मग दोघं दोन्ही बाजूंनी खुर्च्या मिटत राहिली.