माणसं वगळून

नगर वारसा समितीत माझं काम माणसं कापण्याचं होतं. अर्थात, जुन्या फोटोंतली. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन हे काम करावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण जाहिरातीत ‘विज्ञान शाखेचा उमेदवार’ हवा म्हटलं होतं आणि उमेदवार मी एकटीच होते. समितीकडे जुन्या काचेच्या निगेटिव्ह यायच्या. मी त्या स्कॅन करायचे, इमारत ठेवायचे आणि माणसं काढून टाकायचे.

नियम अध्यक्षांचा होता. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दंतवैद्य. समितीच्या पहिल्या प्रदर्शनात एका फोटोतल्या मिशीवाल्या गृहस्थांवर दोन घराण्यांनी आपापले आजोबा म्हणून हक्क सांगितला होता, आणि प्रकरण खुर्च्या उचलण्यापर्यंत गेलं होतं. तेव्हापासून माणसं बंद. “इमारतीला नातेवाईक नसतात,” अध्यक्ष म्हणायचे. “दात नीट बघायचा तर गाल बाजूला धरावाच लागतो.”

सात कमानींची इमारत या नियमातूनच सापडली.

मी काका-काकूंकडे राहते. काकाचं जुन्या बाजारात इस्त्रीचं दुकान आहे. जागा नगरपालिकेची, काका भाडेकरू. छप्पर गळायला लागलं म्हणून त्याने माळा रिकामा केला, तेव्हा कोपऱ्यात एक लाकडी पेटी निघाली, आत कागदात गुंडाळलेल्या काचा. भंगारवाला म्हणाला, काळी काच कोणी घेत नाही. काकाने पेटी माझ्या हवाली केली. “तुझ्या समितीला दे. नाहीतरी त्यांना जुनंपानंच लागतं.”

अकराही काचांवर माणसांच्या मागे एकच इमारत होती. खाली सात कमानी, वर कोरीव सज्जा, त्याच्या वर उंच खिडक्या. पुढे कोणकोण उभं किंवा बसलेलं होतं. त्यांना मी नियमाप्रमाणे कापलं. उरलेले अकरा तुकडे अध्यक्षांनी टेबलावर ओळीने मांडले. अशी इमारत शहरात कोणी पाहिली नव्हती. ती एकाही नकाशात नव्हती, वयस्कर लोकांच्या आठवणीतही नव्हती.

“म्हणजे पूर्ण विस्मृतीत गेली,” ते हळहळून म्हणाले.

कोणी न पाहण्याचं आणखीही एखादं कारण असू शकतं, असं त्या बैठकीत कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

मग ती होती कुठे? अध्यक्षांनी ते एका वाक्यात सोडवलं. पेटी जिथे सापडली तिथेच. माणूस अकरा-अकरा वेळा फोटो काढतो तो स्वतःच्या इमारतीचाच. पेपरात बातमी आली. इमारत होती तशी पुन्हा उभारायची, असा ठराव झाला. आणि उन्हाळा संपायच्या आत जागा रिकामी करावी, अशी नोटीस काकाच्या दुकानाच्या दारावर चिकटली.

त्या दिवशी जेवताना काकूने शांतपणे उलटतपासणी घेतली.

“पेटी कोणी दिली?”

“मी,” काका म्हणाला.

“कोणाच्या हातात?”

काकाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.

“भंगारवाल्याला द्यायची होती.”

“तो घेत नव्हता गं.”

“मग वर चार पैसे देऊन द्यायची होती.”

बदली जागा मिळणार होती, शहराच्या टोकाला, बस डेपोच्याही पलीकडे. काका जाऊन बघून आला. “तिथे लोक इस्त्री करून घेत नाहीत?” मी विचारलं. “तिथे अजून लोकच नाहीत,” तो म्हणाला. त्याचं वय झालं होतं. गुडघे बोलायला लागले होते, आणि सगळी गिऱ्हाइकं त्याच दोन गल्ल्यांत होती. दुकान गेलं तर धंदा गेला, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. समिती मात्र त्याला ‘पुनर्वसन’ म्हणत होती.

कोनशिला कोरायला टाकली त्या आठवड्यात अध्यक्षांनी मला बोलावलं. इमारतीचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला होतं, हे आर्किटेक्टला हवं होतं. “सावल्यांवरून काढ,” ते म्हणाले. “तुझं विज्ञान कधी उपयोगी पडायचं?”

काम खरं तर सोपं होतं. सज्ज्याची सावली भिंतीवर किती खाली आणि किती तिरकी पडते ते मोजायचं. अकरा फोटो अकरा वेळचे, त्यामुळे हिशेब तपासूनही बघता येतो. मी मोजलं. अकराही फोटोंत सावली अगदी सारखी आली. कापताना ओझरतं पाहिलेलं आठवत होतं, एका फोटोत लोक लोकरीच्या कपड्यांत होते, दुसऱ्यात एकीच्या हातात पंखा होता. थंडी असो की उन्हाळा, सज्ज्याची सावली जागची हलत नव्हती. इतका आज्ञाधारक सूर्य माझ्या पाहण्यात नव्हता.

कापलेले तुकडे पुरेनात, म्हणून मी मूळ स्कॅन उघडले. कापताना मी ते निगेटिव्हच्याच रूपात कापत असे. निगेटिव्हमध्ये माणसांचे चेहरे काळे आणि केस पांढरे असतात. त्यांच्याकडे फार बघावंसं वाटत नाही, हात आपोआप कडेवरून फिरतो. आता पहिल्यांदाच ती सगळी सरळ, उजेडात पाहिली.

एक मुलगा होता. खुर्चीच्या पाठीएवढा, केस चापून बसवलेले, चेहऱ्यावर कोणीतरी दटावून आणलेला शहाणपणा. त्याच्या डोक्याची सावली मागच्या इमारतीवर पडली होती. कानांचे उंचवटे ओळखू येत होते. आणि ती सावली पडली होती दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर.

मग बाकीचं दिसायला वेळ लागला नाही. तिसऱ्या कमानीपासून एक तडा निघून सज्ज्यातून वर गेला होता आणि तसाच पुढे आकाशातही गेला होता. इमारतीचा पाया जमिनीला टेकलेला नव्हता. तो सतरंजीच्या बोटभर वर लोंबत होता आणि डाव्या कोपऱ्यात दुमडला होता.

ती इमारत म्हणजे एक रंगवलेला पडदा होता. फोटो काढून घ्यायला आलेल्या लोकांच्या मागे सोडायचा. पडदा संपतो ती कड माणसांच्या पायाशी होती, आणि माणसं आम्ही शास्त्रशुद्ध पद्धतीने काढून टाकली होती.

मी अध्यक्षांकडे गेले. त्यांनी आयुष्यभर किडी शोधलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि मुलाच्या सावलीवर वाकले.

“एखाद्या उंच माणसाची असेल.”

“सर, तो समोरचा मुलगा आहे. खुर्चीएवढा.”

“त्याची सावली दुसऱ्या मजल्यावर?”

“पडद्यावर.”

ते सतरंजीपर्यंत खाली आले, कोपऱ्यातल्या दुमडीपाशी थांबले आणि भिंग मिटून ठेवलं. “कोनशिला कोरून झाली आहे,” ते म्हणाले. मला त्यांची दया आली. काका वाचला म्हणून आनंदही झाला, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

“मग हे फोटो काढले कुठे?” त्यांनी विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायची मला खोड आहे. मी सांगितलं की माणसांवरचा उजेड मऊ आहे, वरून आणि एकाच बाजूने येतो, म्हणजे छपराला मोठ्या काचा असणार. काकाच्या दुकानाच्या छपराला उत्तरेकडून तशा काचा आहेत. ऊन तापतं म्हणून त्याने त्यांना चुना फासलाय. मागच्या भिंतीवर उंच एक लाकडी रूळ आहे, काका त्यावर तयार कोट टांगतो. पडदा गुंडाळायचा रूळ तसाच असतो.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

“म्हणजे शहरातला पहिला फोटो स्टुडिओ.”

“पहिला असं मी म्हटलं नाही, सर.”

“याच्या आधीचा एखादा माहीत आहे तुला?”

“नाही.”

“मग पहिला.”

नवा ठराव झाला. सात कमानींची इमारत हा समितीच्या शोधाचा ‘पहिला टप्पा’ ठरली आणि स्टुडिओ हा दुसरा. दुकान पाडायचं नाही. पाडायचं तर सोडाच, त्याला खिळाही ठोकायचा नाही. काचांवरचा चुना खरवडायचा. पाणी, वाफ आणि उष्णता यांना वास्तूत बंदी.

काकाने ठरावाची प्रत काउंटरवर ठेवली आणि तिच्यावरच इस्त्री टेकवणार होता, मग बाजूला टेकवली.

“दुकान राहिलं, इस्त्री गेली,” तो म्हणाला. “मी इथे काय करू? फुंकर मारू कपड्यांना?”

“पोरीने पाडायचं तरी वाचवलं ना,” काकू म्हणाली. दुपारी ती हिशेबाला बसते. “अर्धं काम केलं म्हणायचं.”

“राहिलेलं अर्धं पण कर मग,” काका माझ्याकडे वळला. “इथे स्टुडिओ नव्हताच, असं सिद्ध करून टाक.”

“पण होता रे काका.”

“होता तर होता. तुला विचारलं कोणी?”

“अध्यक्षांनी.”

“आणि तू लगेच सांगितलंस.”

“खरं होतं ते.”

“खरं मलाही बरंच माहीत असतं. इतकी वर्षं लोकांच्या पँटींचे खिसे उलटे करतोय. कोणाच्या खिशात काय निघतं हे मी जातो का सांगत अध्यक्षांना?”

“अहो, नका,” काकू म्हणाली. “निम्मी गिऱ्हाइकं जातील.”

मला राग आला होता, पण कोणावर ते ठरवता येईना. मी परत त्या अकरा फोटोंकडे गेले, आणि या वेळी इमारतीकडे बघितलंच नाही. माणसं बघितली. एक जाडे गृहस्थ होते, कोटाची बटणं कशीबशी लावलेली. दुसऱ्या फोटोत एक काटकुळा तरुण, कोट अंगावर पोत्यासारखा. तिसऱ्यात एक म्हातारे, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तिघांच्या उजव्या कोपराला एकाच आकाराचं ठिगळ होतं आणि वरून दुसरं बटण बाकीच्यांपेक्षा मोठं होतं. कोट एकच होता. सहा फोटोंत तो सहा माणसांनी घातला होता. कोट नसलेल्यांसाठी स्टुडिओने तो ठेवलेला असणार.

आणि सहाही वेळा त्याच्या बाहीवर इस्त्रीची ताजी, सरळ घडी होती. दंडापासून मनगटापर्यंत, धारदार. बाहेरून घालून आलं की अशी घडी राहत नाही, हे इस्त्रीवाल्याच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. शेवटच्या काचेत, पडद्याच्या कडेबाहेर, जिथे कोणी बघणार नाही असं फोटोग्राफरला वाटलं असेल तिथे, जमिनीवर विटेवर एक कोळशाची इस्त्री उभी होती. तिच्या वरची हवा थोडी अस्पष्ट आली होती. ती गरम होती.

मी सहा छापील प्रती घेऊन समितीच्या बैठकीत गेले.

“आपण माणसं बघत नाही,” अध्यक्षांनी आठवण करून दिली.

“माणसं नाही सर, मी कोट बघतेय.”

त्यावर नियम नव्हता. मी सांगितलं की या वास्तूत फोटो निघायचे त्याआधी इथे इस्त्री व्हायची. वास्तूचा मूळ वापर जपायचा तर इस्त्री काढता येणार नाही. वाफ आणि उष्णता ही तर या जागेची परंपरा आहे. परंपरा हा शब्द मी जरा जोरात उच्चारला. भिंग एकेक सदस्याच्या हातातून फिरलं. आर्किटेक्ट म्हणाला, घडी खरंच सुरेख आहे.

ठराव तिसऱ्यांदा बदलला. काकाला इस्त्री करायला परवानगी मिळाली, पण ‘जिवंत प्रात्यक्षिक’ म्हणून. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना ‘प्रात्यक्षिक साहित्य’ म्हणायचं. वास्तू पाहण्याच्या वेळेत इस्त्री कोळशाचीच, ती समिती पुरवणार; एरवी विजेची चालेल. मागच्या रुळावर सात कमानींचा पडदा नव्याने रंगवून सोडला, आकाशातल्या तड्यासकट, कारण मूळ तसंच होतं. दारात तिकिटासाठी शिपाई बसला.

कोळशाची इस्त्री जड होती, पहिल्या दिवशी काकाचा खांदा धरला. पण शेगडी पेटवायला शिपाई होता, आणि लोक रांग लावून बघत होते. “मागे जो पडदा आहे,” एका बाईने मला विचारलं, “ती इमारत आता कुठे आहे?” मी तोंड उघडलं. पलीकडून काकूने नुसतं बघितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नेमक्या प्रश्नाला म्हटलं, “माहीत नाही.”

दुपारी बँकेतले साहेब आले. काकाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आठवड्याच्या पाचही पँटी त्याच्याकडे. शिपायाने त्यांना दारात अडवलं आणि तिकीट फाडून हातात दिलं. ते तणतणत आत आले.

“माझ्याच पँटी न्यायला मी तिकीट काढायचं?”

“ठरावात तसंच आहे,” काका म्हणाला. त्याने पँटींचा गठ्ठा पुढे सरकवला. वरच्या पँटीची घडी अशी पडली होती की तिच्यावर बोट कापावं.

“मग इस्त्रीतून तेवढे वजा कर.”

“कसे करणार? इस्त्री मी करत नाही आता, दाखवतो.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, कोळशाकडे पाहिलं, आपल्यावर रोखलेल्या चार-पाच मोबाइलकडे पाहिलं, आणि गठ्ठा काखेत मारला. दारापर्यंत पोचल्यावर काकाने त्यांना हाक मारली.

“साहेब, पुढच्या वेळी सकाळीच या,” तो म्हणाला. “इतिहास दहाला उघडतो.”