अकरा सह्यांचा राजीनामा

देवासच्या बिस्किट कारखान्यात शिफ्टवरून वाद पेटला, तेव्हा पुण्याच्या हेड ऑफिसशी बोलायचं काम प्रतापराव शितोळ्यांकडे आलं, का तर ते मराठी. त्याची त्यांना कोण ऐट. पॅकिंगमधल्या अकरा बायकांना समजावून त्यांनी तडजोड घडवली. इकडच्या कोर्टकचेरीत लिहितात तसं कागदाच्या माथ्यावर ठळक 'राजीनामा' लिहिलं, खाली हिंदीत अटी, मग अकरा सह्या, आणि फोटो पुण्याला पाठवला.

साधा रजेचा अर्ज महिनाभर कुजवणाऱ्या त्या ऑफिसातून तासाभरात उत्तर आलं: अकराही राजीनामे मंजूर.

प्रतापरावांनी फोन लावला. "अहो मॅडम, इकडे राजीनामा म्हणजे समझौता. खाली सगळं लिहिलंय, वाचा तरी."

"हिंदी कोण वाचत बसणार?" मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही तर मराठी ना? दुसऱ्या कोणी पाठवलं असतं, तर विचारलं असतं. आता सिस्टिममध्ये चढलंय."

फाटकाशी जमुनाबाई उभी होती. पहिली सही तिचीच.

"काय भिया, पुणेवाले राजी झाले का?"

"झाले," प्रतापराव म्हणाले. "लगेच झाले."