सांडशीने वर आलेलं पॅडल

मित्रांनो, हदगावच्या अलीकडे किशनरावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडब्याच्या गंजीशेजारी उभी असलेली जुनी जीप मीच. माझ्या एका दिव्याला काच नाही. त्याचं मला काही वाटत नाही. सांगायचं आहे ते माझ्या ब्रेकबद्दल.

किशनरावांच्या वडिलांनी मला आणलं, त्याला पन्नास वर्षं झाली. मी कापूस वाहिला, सोयाबीनचं बी आणलं, नवरीला मांडवात नेलं. चालवायला कायम त्यांचा ड्रायव्हर भागवतच. "गाडी न्हाई, गाय हाय," असं लोक माझं कौतुक करत. पुढे घरात नवी मोटार आली. मग वर्षातून एकदा, दसऱ्याला माहूरगडावर जायचं, तेवढंच मला उरलं.

माझ्या चारही चाकांत लोखंडी ड्रम आहेत. पॅडल दाबलं की आतले ब्रेकशू पसरून ड्रमला टेकतात. शूंवरचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, झिजले की पॅडल खाली जाऊ लागतं. मग एकेक चाक जॅकवर उचलायचं, शू ड्रमच्या जवळ आणायचे, चाक हाताने फिरवून पाहायचं. पॅडलची उंची सगळ्यात शेवटी. दाबताना पहिला थोडा भाग रिकामा जायला हवा, म्हणजे पाय काढल्यावर चाकांकडे गेलेलं ऑइल मागे परततं. भागवतला हे सगळं पाठ होतं.

गेल्या खंडेनवमीला माझं पॅडल पार तळाला गेलं. पण पाने, जॅक, सगळी हत्यारं पूजेला मांडलेली. हळदकुंकू लागलेल्या पान्याला त्या दिवशी कोणी हात लावत नाही.

"उद्या सकाळीच निघायचं हाय, भागवत," किशनराव म्हणाले.

भागवतने घरातून सांडशी मागितली.

"आन् मी च्या काय पदरानं उतरवू?" किशनरावांच्या आई, साखराबाई, हसल्या.

"आत्ता देतो, माय."

चाकं त्याने उघडली नाहीत. पॅडलमागची दांडी तेवढी सांडशीने धरून, फिरवून लांबवली. पॅडल वर आलं, पण रिकामी चाल संपली.

दुसऱ्या दिवशी घरापासूनच माझे शू ड्रमला घासत होते. गड उतरताना किशनरावांची लेक तनुजा म्हणाली, "काका, जळाल्यावानी वास येऊन राहिला."

"घाटात येतच असतो, बाई."

तिसऱ्या वळणावर पॅडल दगडासारखं घट्ट झालं, पण तापलेले लायनर ड्रमवरून नुसते घसरू लागले आणि चाकं धरेनात. भागवतने गिअर खाली टाकून मला मातीच्या दरडीवर घातलं. सगळे वाचले. साखराबाईंचं उजवं मनगट मोडलं.

"म्हातारी गाडी. दगा दिला," किशनराव म्हणाले आणि आठवड्याने भंगारवाला घेऊन आले. तो माझ्या बोनेटवर हात फिरवत होता, तेव्हा भागवत पुढे आला.

"मालक, दगा गाडीनं न्हाई दिला. दांडी म्या लांबवली."

किशनरावांनी हात पुढे केला. भागवतने किल्ली त्यावर ठेवली. भंगारवाला परत गेला आणि भागवतही.

आता मला तनुजा चालवते. तिने भागवतच्या घरी जाऊन, त्याच्या बाजेशेजारी बसून, चाकांतले शू कसे जुळवायचे ते वहीत उतरवून आणलं. साखराबाई अजून डाव्या हाताने सांडशी धरतात.

मित्रांनो, यंत्राचं दुखणं जिथे आहे तिथेच हात घाला. पूजा मनापासून करा, पण त्याआधी चाक उघडून बघा. माझं पॅडल आता बरोबर उंचीवर आहे. फक्त ज्या पायाची मला पन्नास वर्षं सवय होती, तो आता त्यावर नसतो.